मौनाचं ताट

७ ऑगस्ट १९५६, मंगळवार. कल्याण.
आज टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हात उचलेना. बोर्डावर कॉलचं एक शटर पडलं, खट. मग दुसरं, मग ओळीने सगळी. प्रत्येक शटरमागे कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत ताटकळतंय, हे कळत होतं. प्लग हातात होता, पण लावला नाही. हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. शेजारच्या बोर्डावरून कुसुम ओरडली, "शालू, अगं घे की!" मी म्हटलं, "कुठलं?"
पुढचं नीट आठवत नाही. दादा न्यायला आला.

८ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक, छाती ठीक, बाई शिणल्यात. काय झालं म्हणून विचारत होते. काय सांगणार? एक्स्चेंजमधल्या दोन मुली लग्न होऊन गेल्या, त्यांच्या जागा तशाच रिकाम्या, त्यांचे बोर्ड कुसुमवर आणि माझ्यावर. वर्षभर डबा मांडीवर ठेवून जेवले. एक घास, एक नंबर. हे काय दुखणं म्हणून सांगायचं?
सुपरवायझरबाईंनी महिनाअखेरपर्यंत रजा दिली.
संध्याकाळी वहिनीने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी म्हणाले, "नंबर प्लीज." वहिनी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१० ऑगस्ट
दादाचं एकच पालुपद. नोकरी सोड. "तुझ्या पगारावर चूल पेटते का आपली?" नाही पेटत, खरंच आहे. पण मी पगारासाठी जात होते का? मॅट्रिक होऊन घरात नुसती वाती वळत बसले होते. कामाच्या पहिल्याच आठवड्यात पुण्याचा ट्रंक कॉल जोडून दिला. पलीकडे कुणाला तरी मुलगा झाला होता. ऐकायचं नसतं, ऐकलं. घरी येईपर्यंत मलाच पेढा मिळाल्यासारखं वाटत होतं.
दादा चांगला आहे. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच पंचाईत. काही दिवस टिटवाळ्याला मावशीकडे जायचं ठरलंय.

१३ ऑगस्ट. टिटवाळा.
माईमावशी म्हणजे आईची थोरली बहीण. एकटी असते. चातुर्मासात एकभुक्त, आणि तेही मौनाने. काका गेल्यापासूनचा नेम. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. शब्द गेला की ताट सोडून उठायचं, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही.
मला म्हणाली, "तुला सक्ती नाही हो. पण माझ्यासमोर पाट मांडणार असशील तर तूही गप्प."
मांडला. मीठ हवं होतं, बोट दाखवलं. तिने आमटी वाढली. मुकाट्याने ओरपली.

१५ ऑगस्ट
जेवताना दारातून कासारणीने हाळी दिली, "माईऽऽ, बांगड्या!" आणि मी घास तोंडात असताना, "नंबर प्लीज!"
उठावं लागलं. मावशी मान खाली घालून जेवत राहिली. दिवेलागणीला पेलाभर दूध पुढे केलं. "उद्या जेव."
दूध पिताना रडले. पहिल्यांदाच, आणि भरपूर. भुकेने असेल.

२१ ऑगस्ट
आज कळलं, मावशी आमटीत आमसूल घालते. आठ दिवस रोज खातेय की!
कवाडाची कडी वाजली तर अजून मान वळते. पण जेवणाची तेवढी वेळ कुणी मला काही मागत नाही. त्या वेळेची मी सकाळपासून वाट बघते. असं कशाचीही वाट बघणं कधीपासून बंद झालं होतं?

२५ ऑगस्ट
कुसुमचं कार्ड. सोमवारी, ३ तारखेला हजर झाले नाही तर बाई माझी जागा भरणार. जावं वाटतं. आणि जावं वाटलं की कानात शटर पडतं, खट. दोन्ही खरं.

२९ ऑगस्ट
दादा आला, नेमका जेवणाच्या वेळी. अंगणातूनच, "शालू! बाईंना कळवून टाकतो, तू येत नाहीस म्हणून. चालेल ना? बोल की!"
तोंडात घास. त्याला नको म्हणायचं होतं, न बोलून हो झालं असतं. मी हात झटकून उठणार, तेवढ्यात,
"जेवतेय ती. बस तिथे ओटीवर."
मावशी. मावशी बोलली! काका गेल्यापासून मोडला नव्हता तो नेम.
तिच्या ताटात भात अर्धा, ताक नुकतंच वाढलेलं. तिने ताट सारलं, मला हातानेच बस म्हणून खुणावलं, आणि बाहेर जाऊन दादाशेजारी बसली. "हात धुऊन येईल, मग विचार," म्हणाली.
मी जेवले. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, तरी शेवटचं शीत संपवलं. वर्षभरात माझ्या नावाची हाक दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.
मग बाहेर गेले. दादाला म्हटलं, कळवू नकोस, माझं मी बघते. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि स्टेशनाकडे निघाला.
मावशी उपाशी. दूध दिलं तर म्हणाली, "दे. आज तुझी पाळी."

२ सप्टेंबर, रविवार. कल्याण.
उद्या जायचं. बाईंना सांगणार आहे, डबा खाताना माझा बोर्ड दुसरीने घ्यायचा, दुसरीचा मी घेईन. तेवढा वेळ हेडसेट खाली. नाही म्हणाल्या तर? इथवर येऊन विचार अडतो.
दादा म्हणाला, "स्टेशनपर्यंत सोडतो." नको म्हणाले नाही.
मघाशी वहिनीने हाक मारली, "वन्सं, पानं घेतलीत!" मी म्हटलं, "आले." तिने दारातून वाकून माझ्याकडे पाहिलं, आणि हसली.
हाताचा मात्र अजून भरवसा नाही. उद्या पहिलं शटर पडेल तेव्हा उचलेल, नाहीतर कुसुमला हाक मारीन, एवढं घे म्हणून.