ॲग्नेसचा ॲम्प्लिफायर

३ एप्रिल
खोका उघडला. ॲग्नेसच्या मामानं परदेशातून पाठवलेला गिटारचा ॲम्प्लिफायर. म्हणजे सुटे भाग आणि एक पुस्तिका, जोडायचा आपण. ॲ.नं तो माझ्या टेबलावर ठेवला. "तू इलेक्ट्रॉनिक्सवाली. मला नुसतं वाजवता येतं." कॉलेजभर मराठीच्या तासाला एका बाकावर बसलो, पण तिनं कधी काही मागितल्याचं आठवत नाही. हो म्हटलं. पुस्तिका नंतर वाचली.
काचेचे तीन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. पहिल्याच पानावर ठळक: आतल्या व्होल्टेजनं जीव जाऊ शकतो, बटण बंद केल्यावरसुद्धा.
व्हॉल्व्हचं प्रकरण आम्हाला होतं. सरांनी 'परीक्षेला येत नाही' म्हणून सोडून दिलं होतं.
५ मे, रविवारी छावणीत त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम. ॲ. पहिल्यांदा एकटी गाणार. तोवर व्हायला हवा.

८ एप्रिल
गुलमंडीच्या मागच्या गल्लीतून सोल्डर वायर आणली. दुकानदारानं दोनदा विचारलं, "कोणासाठी?" माझ्यासाठी. "मिस्त्री कोण हाये?" मीच.
जुन्या रेडिओच्या प्लेटवर सराव. निम्मे जोड कच्चे, बोटानं ओढले की सुटतात. अप्पा कंपनीतून आले आणि डबा न ठेवताच बघत उभे राहिले. "पत्र्याच्या डबड्याला डाग देतेत, तसंच हाय की." आणि मग, "तुला कालेजात हे शिकवलं नाय?"
फळ्यावर शिकवलं होतं. हाताला कुणी शिकवलं नव्हतं. हे त्यांना कसं सांगू? सगळ्या भावकीत त्यांनी सांगून ठेवलंय की आमची पोरगी विजेची बी.एस्सी. हाय.

१३ एप्रिल
ट्रान्सफॉर्मर बसला. त्याला देशोदेशीच्या व्होल्टेजसाठी वेगवेगळ्या तारा. आपल्या विजेसाठी कोणती घ्यायची ते तीनदा तपासलं. चुकली तर सगळं एका क्षणात
नको. लिहीत नाही.
पुस्तिका म्हणते, चालू यंत्रात काम करताना एक हात खिशात ठेवा, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. माझ्या ड्रेसला खिसा कुठं? डावा हात पाठीमागं घेऊन ओढणीत गुंडाळला. मायनं बघितलं. "हात मोडला का गं?"

१७ एप्रिल
पहिल्यांदा वीज दिली. मध्ये सिरीजमध्ये बल्ब लावून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि ॲम्प्लिफायर वाचतो.
अप्पा माळ्यावरची काठी घेऊन आले. मेंढरांमागं हिंडायचे तेव्हाची. "ही कशाला?" "चिकटलीस तर मारून सोडवतो. हातानं धरलं तर म्या बी चिकटंन." हसायला आलं.
बटण. बल्ब उजळला. मग मंद झाला आणि मंदच राहिला. व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड आला. स्पीकरमधून बारीक घूं.
अप्पा काठी खाली ठेवेनात. म्हणाले, "अजून बघू जरा."

२१ एप्रिल
रविवार. ॲ. गिटार घेऊन आली. एकच तार छेडली तर खिडकीचं तावदान हललं. माय पीठ भरल्या हातांनी बाहेर आली, "आगं बया!" ॲ.नं मला मिठी मारली. एवढी खुश होते की
मग ॲ. वाजवता वाजवता पलंगावरून अनवाणी खाली उतरली. कूलरनं फरशी ओली होती. एकदम हात झटकला. "झिणझिण करतंय यार. जीभ सेलला लावल्यासारखं." हसत होती.
मला हसू आलं नाही. मीटर लावला. ॲम्प्लिफायरची पत्र्याची पेटी आणि ओली फरशी, मध्ये शंभराच्या आसपास व्होल्ट. पेटी म्हणजेच गिटारच्या तारा, कारण त्या आतून जोडलेल्या असतात. बोटं तारांवर आणि ओठ माइकला, अशी ती स्टेजवर उभी राहणार.
"वाजवू नकोस." "अगं, थोडंसंच तर आहे." "वाजवू नकोस म्हटलं ना."
चहा न घेता गेली.

२४ एप्रिल
सगळं उकललं. एकेक जोड काढून पुन्हा केला. चूक सापडत नाही. चूक नसणं हे चूक सापडण्यापेक्षा वाईट.
ॲ.चा फोन. त्यांच्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवणारा विल्सन म्हणतो, प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापून टाका, झिणझिण जाते. "सगळे तसंच करतात." जाईलही. पण उद्या आतला ट्रान्सफॉर्मर जळाला तर करंटला जायला वाटच नाही, तो पेटीत आणि तारांत बसून राहणार. हे तिला सांगितलं. "तू पुस्तकातलं बोलतेस," म्हणाली.
मी दुसरं कुठलं बोलू?

२७ एप्रिल
सापडलं. वाईट सापडलं.
दुपारी मायनं कूलर बंद केला, मीटर शून्यावर आला. चालू केला, शंभर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माय म्हणाली, "खेळायलीस का कूलरशी? घामानं मराया लागले मी."
दोष माझ्या जोडणीत नाही. कूलर गळका आहे, पाणी नाही, करंट गळतोय. घरातल्या सगळ्या प्लगांची अर्थिंगची तार एकच, ती मागच्या अंगणातल्या खड्ड्यात जाते. करंट तिथून जमिनीत जायला हवा. तो जात नाही. तारेतच राहतो आणि तिसऱ्या पिनेतून माझ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीत येतो.
फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून बघितला, लागलाच नाही. खड्डा बघितला. झाकणाखाली भेगाळलेली माती. अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा. खड्ड्यात पाणी कोण ओतणार?
आणि मी? चार दिवस स्वतःचे जोड उकलत बसले. भिंतीत तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं धरून चालले.
खड्डा अप्पांनी खोदलाय. घर बांधलं तेव्हा, कोळसा आणि मीठ घालून, स्वतःच्या हातानं. अजून सांगतात.

२८ एप्रिल
अप्पांना सांगितलं. उठून खड्ड्यावरचं झाकण उचलून बघितलं. मग, "म्हंजे इतके उन्हाळे आपण सगळे..." ओल्या फरशीवर अनवाणी कूलरला हात लावणारी माय आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर होती.
माय चिडली. "प्यायाला नाय अन् मातीला पाजायलेत बापलेक!" अप्पा आज अंघोळीला बसले नाहीत. त्यांची बादली खड्ड्यात गेली. भांडी विसळलेलं पाणी माझ्या हातून. शेवटी माय स्वतः ताकाचं गाडगं धुतलेलं पाणी घेऊन आली. "व्हा बाजूला."

२९ एप्रिल
परीक्षा: एक बल्ब, त्याची एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग चांगली असेल तर बल्ब नेहमीसारखा लागतो. शनिवारी खड्डा कोरडा असताना लागलाच नव्हता. आज लख्ख लागला. अप्पांनी मला दुसऱ्यांदा लावायला लावलं. मग तिसऱ्यांदा.
कूलर तरी बंदच ठेवला, दुरुस्त होईपर्यंत. ॲम्प्लिफायर लावला. पेटीवर काही नाही. अगदी शांत.
ॲ.ला फोन केला, झालं म्हणून. ओरडली आनंदानं. संध्याकाळी येऊन घेऊन गेली.
ती गेल्यावर सुचलं: घरचं ठीक. हॉलचं काय?

२ मे
छावणी. बल्ब आणि वायर पिशवीत. स्टेजवरच्या प्लगला लावून बघितला. काहीच नाही. अंधार. तिसऱ्या भोकामागं तारच नसावी.
हॉल सांभाळणारे डेव्हिडकाका म्हणाले, "बेटा, माझे केस इथं पांढरे झाले. आजपर्यंत कोणाला काही झालं नाही." मी म्हटलं, "काका, आजपर्यंत इथं कोणी ओठ माइकला लावून असला ॲम्प्लिफायर वाजवलाय का?" ते म्हणाले, मिस्त्रीला सांगतो.
ॲ. तिथंच होती, सरावासाठी ॲम्प्लिफायर घेऊन आलेली. "तू मला घाबरवतेस की स्वतःला वाचवतेस?"
 खरंच दोन्ही असेल.
निघताना ॲम्प्लिफायरमधला मोठा व्हॉल्व्ह काढून घेतला. त्याच्याशिवाय आवाज निघत नाही. तिच्या समोर काढला, लपवून नाही. तिनं तोंड फिरवलं.

४ मे
ॲ.चा मेसेज. 'मिस्त्री येऊन गेला. अर्थिंग झाली. व्हॉल्व्ह घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस.'
झाली म्हणजे काय झाली? खड्डा खोदला की नळाच्या पाइपला तार गुंडाळली? विचारलं. उत्तर नाही.
अप्पा म्हणाले, "तिच्या जागी तू असतीस तर?" मी म्हटलं, मी वाजवलं असतं. हे तोंडातून निघालं आणि स्वतःचीच भीती वाटली. स्वतःच्या जिवाला मी एवढं मोजत नाही. तिच्या जिवाचा निर्णय मात्र माझ्या मुठीत आहे. हे शिक्षणानं आलं की हट्टानं?

५ मे
स्टेजमागच्या खोलीत बसून लिहितेय. बाहेर प्रार्थना चालू आहे.
लवकर आले, बल्ब लावला.
लागला. पण लख्ख नाही. पिवळा, विझत आलेल्या कंदिलासारखा. म्हणजे तार आहे, जमिनीपर्यंत जाते, पण जेमतेम. डेव्हिडकाका खुश, "लागला की नाही!" मिस्त्रीनं नक्की काय केलं ते त्यांना माहीत नाही. पेटीवर मीटर लावला, शून्य. आत्ता शून्य. ॲम्प्लिफायर जळाला तर ही पिवळी तार फ्यूज उडवण्याइतका करंट नेईल का? माहीत नाही. पुस्तिकेत पिवळ्याबद्दल काही नाही. अंधार आणि लख्ख, एवढंच.
ॲ.ला दाखवलं. सगळं सांगितलं, मला माहीत नाही हेही सांगितलं. पहिल्यांदाच तिच्यासमोर हे शब्द उच्चारले.
तिनं वाकून बल्ब बघितला. मग म्हणाली, "तू नेहमी सगळं माहीत असल्यासारखं सांगायचीस. म्हणून मी ऐकत नव्हते."
पांढरी साडी, गळ्यात गिटार. पायांत जाड रबरी चपला आहेत. मी सांगितल्या नव्हत्या.
प्रार्थना संपली. खुर्च्या सरकल्याचा आवाज. तिचं नाव पुकारलंय.
व्हॉल्व्ह माझ्या डाव्या हातात आहे. तिनं हात पुढं केलाय.