लाल चिठ्ठीवरची सही

ता. ३ मार्च

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तुमच्या कंपनीच्या हवाईसुंदरीने गेटवर आणून दिलं. तीन तासांत! माझं हे पत्र आमच्या वैमानिकाच्या खिशातून तुझ्यापर्यंत कधी पोचेल, ते विचारू नकोस. फोन कर म्हणतेस, पण फोनवर आई मी जेवलो का एवढंच विचारते आणि ठेवून देते. पत्र मात्र तिला दोनदा ऐकायचं असतं, म्हणून आपला हाच उद्योग बरा.

आईला सांग की दादा मजेत आहे आणि पुढल्या आठवड्यात येतोय. तिचे पाय सुजलेत म्हणून मीठ बंद केलंय, तर तिने मुकाट्याने ऐकावं. तू कामावर गेलीस की ती मिठाचा डबा उघडते, हे मला इथे बसून दिसतं.

यापुढचं तिला वाचू नकोस. हँगरमध्ये सध्या कसाईखाना चाललाय. सुटे भाग पुरवणाऱ्यांनी हात वर केलेत, म्हणून एका विमानाचा भाग काढायचा आणि दुसऱ्याला लावायचा. काल तुमच्या गावाला येणाऱ्या विमानाचा पंप मी माझ्या हातांनी काढला. रिकाम्या जागी लाल चिठ्ठी बांधून सही केली. ज्याने काढलं त्याने सही करायची आणि नवा भाग बसवून चिठ्ठी त्यानेच सोडायची, ही आमची रीत. नवा पंप पुढच्या बुधवारी नक्की येतो असं स्टोअरवाले म्हणाले आहेत. तोवर तुमच्याकडे आठवड्यातून एकच फेरी.

तुझ्या कंपनीने आणखी पाच विमानं घेतली म्हणे. विमानात पाणी विकून एवढं मिळत असेल तर आम्हीही नळ बसवतो!

आईला नमस्कार. तुला रागवायला मी हवा असतो, तेव्हा राग शिल्लक ठेव.

तुझा दादा

---

ता. ८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पाच दिवसांनी मिळालं. त्याला पाय असते तर चालत लवकर आलं असतं.

आज चेष्टा पुरे. आईची दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आठ दिवस धरा, दहा धरू नका. सकाळी ती सगळ्यांना ओळखते, दुपारनंतर मला शेजारीण समजते. रोज सकाळी तुझं विमान कधी उतरणार, एवढंच विचारते. औषध त्याच चमच्याने घेते, वीस वर्षांपूर्वी तू तिला तुमच्या विमानातून फिरवून आणलंस तेव्हा तिने पिशवीत टाकला होता तो. आमच्या विमानात चमचा सोड, सुरकुतलेला कागदही देत नाहीत, असं मला सुनावते.

तुमच्या फुकटच्या पासावर विसंबून राहू नकोस. गुरुवारी सकाळी साडेसातच्या आमच्या विमानाचं तुझं तिकीट मी काढलंय. १४ अ, खिडकीजवळ. नऊला उतरशील, साडेनऊला आई तुला पाहील. तिकीट सोबत आहे, परत होत नाही.

तू नाक मुरडणार, मला माहीत आहे. मला तरी या कंपनीचं कौतुक कुठे आहे? पंचवीस मिनिटांत विमान रिकामं करायचं, खुर्च्यांमधला कचरा वेचायचा, पुन्हा भरायचं. दर वर्षी नवा करार, आणि पाय दुखले म्हणून बसायला स्टूल मागितलं तर साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. पण विमान वेळेवर उडतं रे. आत्ता आपल्याला तेवढंच हवंय.

ये. भांडण इथे उतरल्यावर करू.

तुझी छोटी

---

ता. १० मार्च

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. मी येतोच आहे. पण तुझ्या विमानाने नाही, गुरुवारी दुपारी बाराच्या आमच्या विमानाने. पंप उद्या येतोय, तासाभरात मी बसवतो. पूर्वी पासवाल्यांना जागा मिळावी म्हणून देव पाण्यात घालावे लागत. आता अर्धं विमान रिकामं जातं, दहा खिडक्या माझ्याच. दीडला उतरेन. तेवढ्या साडेचार तासांनी काय होतंय?

रागावू नकोस, पण एकतीस वर्षं ज्यांचं अन्न खाल्लं त्यांचं विमान समोर उभं असताना मी दुसऱ्याच्या दारातून चढू? आमच्यातलेच लोक तुमच्या विमानाने फिरायला लागले, म्हणून तर आमची ही दशा झाली. आई विचारेल की कुठल्या विमानाने आलास, तर मी काय तोंड दाखवू? तिला सांग, दादा त्याच्याच विमानाने येतोय. तिला बरं वाटेल.

हे पत्र तुमच्याच हवाईसुंदरीकडे देतोय. हस खुशाल. तिकीट खिशात ठेवलंय, तुला समाधान म्हणून.

धीर धर, मी आहे.

तुझा दादा

---

ता. १७ मार्च

ती. दादास नमस्कार.

बाकीचा मायना लिहायला आज हात धजत नाही.

तू शुक्रवारी रात्री आलास, दुसऱ्या दिवशीची पहिली बस धरून, चौदा तास बसून, सगळं उरकल्यावर. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलास आणि गेलास. मी आल्यागेल्यांना चहा देत राहिले. शेजारपाजारची माणसं होती. आता लिहिते.

गुरुवारी आमचं विमान अकरा मिनिटं आधी उतरलं. मी सुट्टी घेतली नव्हती, कारण तू नाही लिहिलंस तरी मला वाटलं तू तिकीट वापरशीलच. मी शिडीखाली उभी राहून शेवटचा माणूस उतरेपर्यंत पाहिलं. मग साफसफाईला आत गेले. १४ अ चा पट्टा तसाच घडी घातलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा एका खुर्चीखाली मला वेचायला काही नव्हतं.

मी धावत घरी आले. आई पूर्ण शुद्धीवर होती. विमान उतरलं का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. खोटं नव्हतं, उतरलंच होतं. मग येईलच आता, असं म्हणून तिने केस विंचरून मागितले. दुपारी दीडला ती दाराकडे बघत होती, तीनला बघत होती. तुझं विमान रद्द झालं हे मला कळलं होतं, तिला सांगायची छाती झाली नाही. पाचला ती गेली. शेवटपर्यंत मला शेजारीण समजली नाही, त्या दिवशीच नेमकं तिला सगळं कळत होतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमची कंपनी जळो नाहीतर पिळो, दादा. आईने काय केलं होतं?

महिनाअखेरीस आईची खोली आवरायची आहे. येणार असलास तर ये.

छोटी

---

ता. ४ एप्रिल

चि. छोटीस आशीर्वाद.

हे टपालाने पाठवतोय. तुमच्या गावाकडची आमची फेरी परवापासून कायमची बंद झाली. पत्र न्यायला आता वैमानिकच नाही.

तू लिहिलंस त्यात एक अक्षर खोटं नाही. पण सगळं तुला ठाऊकही नाही. बुधवारी संध्याकाळी पंप आलेला नव्हता. उद्या सकाळी सगळ्यात आधी तोच येईल, असं स्टोअरवाले म्हणाले आणि मी मान डोलावली. गुरुवारी पहाटे मी विमानतळावर होतो, छोटी. तुझं तिकीट खिशात होतं. तुमच्या गेटकडे डावीकडे वळायचं, हँगरकडे उजवीकडे. मी उजवीकडे वळलो. साडेसातला तुमचं विमान माझ्या डोक्यावरून गेलं, तेव्हा मी चांगले कपडे घालून, हातात पाना घेऊन स्टोअरच्या दारात बसलो होतो. मला वाटलं, पंप मीच बसवेन, चिठ्ठी मीच सोडेन, आणि मी नीट केलेल्या विमानातून आईकडे जाईन. साडेअकराला फेरी रद्द झाली. तांत्रिक कारण, असं सांगितलं. लोक गणवेशातल्या माझ्या सहकाऱ्यांना शिव्या देत होते. कारण मला ठाऊक होतं. त्याला लाल चिठ्ठी बांधलेली होती आणि खाली माझी सही होती. पंप अजून आलेला नाही. चिठ्ठी तिथेच आहे.

खोली आवरायला आलो तेव्हा हे तोंडाने सांगणार होतो. पण तू शिडीखाली उभी होतीस आणि मी पिशवी सावरत पुढे निघालो. हो, तुमच्याच विमानाने आलो होतो. १४ अ मागून घेतली. पाणी विकत घेतलं. दार ठरल्या मिनिटाला बंद झालं आणि विमान हललं. इतकं सोपं होतं गं ते. मी रुमालात तोंड खुपसून रडलो. शेजारच्या बाईंनी विचारलं की विमानात पहिल्यांदाच बसताय का, भीती वाटते का. मी हो म्हणालो.

चमचा तुझ्याकडेच ठेव, मला तो बघवणार नाही. लोभ असू दे असं लिहायला मला तोंड नाही. तरी असू दे.

दादा