आजीची ओंजळ

आई,
जय भीम. मी मजेत आहे. उस्मानपुऱ्यातली खोली हवेशीर आहे. नळाला रोज पाणी येत नाय, पण मी भरून ठेवते, पप्पांना चिंता करू नका म्हणावं. कन्नडला ऊन लई आहे का? आजीचे गुडघे कसे आहेत?

रविवारी जुन्या वास्तू बघायच्या फेरीला गेले होते. शहागंजाजवळ एक जुना हौद दाखवला. जमिनीखालून मातीच्या नळांनी त्यात पाणी कसं यायचं, ते माहिती देणाऱ्या सरांनी झकास सांगितलं. मी विचारलं, "सर, इथं पाणी कोणाकोणाला भरू द्यायचे?"

मग सर म्हणाले, "हे मी कधी शोधलंच नाय. तुम्ही जुन्या माणसांना विचारून या, पुढच्या फेरीत तुम्हीच सांगा."

तेव्हापासून आजी डोळ्यांपुढून हलत नाय. लग्नाआधी ती याच भागात राहायची ना? अजूनही दुसऱ्याच्या घरी ती पेला धरत नाय, वरून ओतायला लावते अन् ओंजळीनं पिते. आपण हसायचो.

तिला त्या हौदाचं जपून विचार. नाय बोलली तर राहू दे. माझ्या नावानं एक भरलेला पेला तेवढा तिच्या हातात दे.

तुझी,
मोनाली