पंखा मी स्वतः दुरुस्त करणार आहे

३ डिसेंबर, बुधवार
गाडीत हीटर लावला की पंखा आवाज करतो. खर्र-खर्र-खर्र, मग जरा थांबून टक. बायकोला तिच्या ऑफिसला सोडताना ती म्हणाली, याचं काहीतरी करा आता. मी म्हणालो, आजच तर सुरू झालंय. ती म्हणाली, मागच्या थंडीतही होतं. बायका एकदा एखादा आवाज मनात धरून बसल्या की बसल्या.
तरी मनावर घेतलं आहे. येत्या रविवारी पंखा. गॅरेजला नेणार नाही. गॅरेजवाले पंख्यासाठी गाडी आख्खी उघडतात आणि अर्धीच मिटतात.

४ डिसेंबर, गुरुवार
दुरुस्तीपेक्षा निदान महत्त्वाचं. तक्रार निवारण कक्षात उगाच केस पांढरे केले नाहीत. तक्रार आली की आधी ती खरी आहे का ते बघायचं, मग ती आपल्याकडची आहे का ते बघायचं. बऱ्याच तक्रारी इथेच दम तोडतात. (यंदाची बढती या अनुभवाला मिळायला हवी होती. ती मिळाली माझ्या हाताखालच्या माणसाला, कारण तो लोकांना परत फोन करतो म्हणे. असो.)
सकाळी पद्धतशीर चाचणी घेतली. इंजिन चालू, पंखा बंद : आवाज नाही. इंजिन बंद, पंखा चालू : आवाज आहे. पंख्याचा वेग वाढवला की आवाज वाढतो. पुन्हा एकदा सगळं करून पाहिलं. निष्कर्ष : आवाज पंख्याचाच. बायको पर्स मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. म्हणाली, हेच मी काल सांगितलं. तिने सांगितलं होतं, सिद्ध मी केलं. हा फरक तिला कधीच कळणार नाही.
तिला उशीर झाला.

५ डिसेंबर, शुक्रवार
संध्याकाळी मेहुण्याचा फोन. फोन बहिणीला, विषय माझा पंखा. हिने फोन माझ्या कानाला लावला. दाजी, वाळकी पानं गेली असतील आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे फिल्टर असतो तो काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.
मेहुण्याचं पडद्यांचं दुकान आहे. पडदेवाल्याने मला मोटार शिकवावी!
माझं मत : बेअरिंग. कोरडं पडलं आहे. पानांचा संबंध नाही.

७ डिसेंबर, रविवार
सकाळी दहा. व्हिडिओ पाहिला. माणूस परदेशी होता, पण हात बोलत होते. सोपं आहे.
दुपारी एक. ग्लोव्ह बॉक्स निघाला. एक खुंटी मोडली. खुंटी मुळातच कमकुवत होती.
दुपारी चार. पंखा मोटारीसकट बाहेर. त्यात मूठभर वाळकी पानं आणि चॉकलेटचा एक कागद निघाला. ही बाहेर यायच्या आत सगळं कुंपणापलीकडे टाकलं. पानं निघाली म्हणजे बेअरिंग चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. बेअरिंगमध्ये तेल सोडलं. भरपूर सोडलं. पंखा ओढून काढायला पक्कड लावली तेव्हा दोन पाती तुटली. उरलेली पुष्कळ आहेत.
संध्याकाळी सहा. सगळं बसवलं. एक स्क्रू उरला. कंपन्या भीतीपोटी जास्तीचे स्क्रू घालतात.
पंखा लावला. खर्र-खर्र पार गेलं! आता फक्त धड-धड येते. हिला बोलावून ऐकवलं. ती ऐकत उभी राहिली, मग आत गेली. पटलं असावं.

८ डिसेंबर, सोमवार
पंखा लावला की जळक्या तेलाचा वास येतो. उतरेल हळूहळू. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण खड्डा आला की हिच्या गुडघ्यांवर पडतं. पर्स टेकवून धर असं सुचवलं. ती म्हणाली, मी उद्यापासून बसने जाते. मी म्हणालो, माझ्या कष्टांची हीच किंमत का? ती म्हणाली, नाही, मला गुडघे लागतात.

१० डिसेंबर, बुधवार
सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सोमवारी. त्या मेहुण्याकडे राहतात, गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता, पुढचा सगळा चढाचा आणि धुक्याचा.
ही फोन ठेवून लगेच कपाट उघडून बसली. म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघू. मी शांतपणे परिस्थिती मांडली. गाडीचा डॅशबोर्ड मी कालच पुन्हा उघडला आहे, धड-धडीवर काम चालू आहे, आणि पंखा नसेल तर काचेवर वाफ धरते. ऑपरेशन सोमवारी आहे, आज नाही. रविवारी पहाटे निघू, ठणठणीत गाडी घेऊन. ती म्हणाली, आई विचारतेय, आली का म्हणून. मी म्हणालो, सांग, येतेय.
संकटात घरात कुणीतरी एकाने डोकं ठिकाणावर ठेवायला लागतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
तुटलेल्या पात्यांमुळे पंख्याचा तोल गेला आहे, हे माझ्या लक्षात आलं. (व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.) समोरच्या बाजूची दोन पाती मीच तोडली. आता तोल बरोबर.
पंखा लावताच फ्यूज उडाला. घरात त्याच रंगाचा नव्हता, त्यापेक्षा मोठा होता. मोठा म्हणजे मजबूत. तो लावला. मग थोडा धूर आला. वायर किंचित वितळली आहे, पण आतल्या बाजूने, दिसत नाही.
पंखा आता अजिबात आवाज करत नाही. फिरतही नाही. पण आवाज नाही, हे मान्य करावंच लागेल.

१३ डिसेंबर, शनिवार
मेहुण्याचा फोन. दाजी, ताईला न्यायला मी येऊ का? आई सारखी दाराकडे बघतेय. मी म्हणालो, घरात गाडी असताना माझ्या बायकोला न्यायला दुसरा येणार? लोक काय म्हणतील? तो म्हणाला, कुठले लोक, दाजी?
मग लेकीचा फोन, हॉस्टेलवरून. बाबा, आईला बसमध्ये बसवून द्या ना. सगळे एकाच माळेचे मणी. मी तिला सांगितलं, बसच्या खिडक्यांतून वारा येतो, आईला सर्दी होईल. ती म्हणाली, बाबा, तुमच्या गाडीत हीटर चालतो का? मुलगी बोलायला कुणावर गेली आहे ते उघड आहे.
बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मी दोन जाड फडकी गाडीत टाकली. काच पुसायला.

१४ डिसेंबर, रविवार
पहाटे निघालो. थंडी कडाक्याची. पहिला तासभर सुंदर गेला. मी चालवत होतो, ही फडक्याने काच पुसत होती. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?
चढ लागला आणि वाफ वाढली. पुढचं दिसेना. ती पुसायची, तिचा श्वास लागून काच पुन्हा धुरकट व्हायची. मी म्हणालो, श्वास जरा तिकडे सोड. ती माझ्याकडे बघत राहिली. खिडक्या उघडल्या तर हात बधिर. एका वळणावर समोरून ट्रक आला तो अगदी शेवटी दिसला. मी गाडी बरोबर वाचवली. ती ओरडली, ते कारण नसताना.
पुढे पेट्रोल पंप लागला. तिथे गाडी घातली. तिने सांगितलं, गाडी पुढे न्यायची नाही. मी म्हणालो, धुकं जाईपर्यंत थांबू, दुपारी ऊन पडेल. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. डॉक्टरांना आजच वेळ मिळाला आहे, आईला आत्ता आत नेतायत. आई विचारत होती, आली का.
ही एवढंच म्हणाली, किती लांब आहे अजून? मला म्हणाली की त्याला, कळलं नाही. मग तिने मागच्या सीटवरून बॅग घेतली आणि पंपाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून समजावत होतो. बस आली, तिने हात केला, बस थांबली. बसच्या काचा अगदी स्वच्छ होत्या.
तिने परिस्थिती समजून घेतली याचा आनंद आहे. ऊन पडल्यावर मी परत आलो. दोघांनी जाऊन गर्दी करण्यात अर्थ नव्हता.

१५ डिसेंबर, सोमवार
ऑपरेशन चांगलं झालं. म्हणजे एवढी घाई नव्हती, हेच दिसलं. मेहुण्याने सांगितलं, ताई पोचली तेव्हा आई आत होती. काल संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर तिने ताईला ओळखलं नाही, नर्स समजून पाणी मागितलं. एक-दोन दिवसांत ओळखेल असं डॉक्टर म्हणाले. बायको फोनवर आली नाही. दमली असेल.

१६ डिसेंबर, मंगळवार
ओळखलं. बरं झालं. मी तसं म्हणालोच होतो.

२१ डिसेंबर, रविवार
घर शांत आहे. कामाला उत्तम. सबंध पंखा आणि मोटार नवीच मागवली. हा पराभव नाही, हा धोरणात्मक बदल आहे. वायरही नवी टाकणार. चहा आपला आपण करतो. साखर कुठे असते विचारायला फोन केला, तर म्हणाली, डब्यात. कुठल्या डब्यात विचारेपर्यंत फोन ठेवला होता. तीन डब्यांत मीठ, रवा आणि बटणं निघाली. बिनसाखरेचा चहा प्रकृतीला चांगला.

२८ डिसेंबर, रविवार
मोटार आली. ती या मॉडेलची नव्हती. परत पाठवली.
बायको तिकडून ऑफिसचं काम करते आहे असं लेकीने सांगितलं. तिकडच्या शाखेत बदली मागितली आहे असंही म्हणाली. मी म्हणालो, तात्पुरती असेल, सासूबाई चालायला लागेपर्यंत. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलात का?

४ जानेवारी, रविवार
झालं. बरोबर मोटार, नवा पंखा, नवी वायर, नवी खुंटी, योग्य फ्यूज. एकही स्क्रू उरला नाही. वेग एक, दोन, तीन, चार. कान लावून ऐकलं तरी काही नाही. फक्त हळू गरम हवा. मी गाडीतच बसून राहिलो. एवढं चोख काम भल्याभल्या गॅरेजवाल्यांच्या हातून झालं नसतं. कुणाला तरी दाखवावं म्हणून शेजाऱ्यांना हाक मारली. ते म्हणाले, आमच्या आवारात वाळकी पानं तुम्ही टाकली होती का?
पुढच्या रविवारी हिला घेऊन येणार. आता नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

११ जानेवारी, रविवार
गेलो. काच आरशासारखी. चढ, धुकं, सगळं पार केलं, वाटेत कुठेही थांबलो नाही.
सासूबाई काठी धरून दारापर्यंत चालत आल्या. मला म्हणाल्या, जावईबापू, रस्ता सापडला का? त्यांना ऑपरेशनपासून जरा विसरायला होतं, असं मी धरून चालतो.
मी बायकोला म्हणालो, खाली ये, एक गोष्ट दाखवायची आहे. ती शाल घेऊन आली, बाजूला बसली. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण मी उघडून, मिटून दाखवलं. हीटर लावला. एक. दोन. तीन. तिने मान हलवली. म्हणाली, छान झालंय. खरंच छान म्हणाली. मी म्हणालो, मग बॅग भर.
ती हात गरम हवेसमोर धरून बसली. मग खालच्या आवाजात बोलायला लागली. म्हणाली, मी इथेच राहणार आहे. मी म्हणालो, आईसाठी ना, हरकत नाही, महिनाभर. ती म्हणाली, आईसाठी नाही. आई बरी आहे. मला बरं वाटतं इथे. कुणाला काही सांगितलं की ते ऐकतात. त्या बुधवारी मी आत्ताच्या आत्ता निघू म्हणाले, तेव्हा तुम्ही मला पंखा सांगितलात. आणि तो बुधवार पहिला नव्हता.
मी पंखा चारवर टाकला. तरी सगळं ऐकू येत होतं. शब्द न् शब्द.
ती म्हणाली, राग नाही माझा, जपून जा. उतरली. दार आपटलं नाही, हळू लावलं.
मेहुणा बाहेर आला होता. म्हणाला, दाजी, चहा तरी घ्या. मी म्हणालो, ऑफिस आहे. रविवार होता.
परतीच्या वाटेवर हीटर बंद केला आणि खिडकी पूर्ण उघडून चालवत आलो. वाऱ्याचा आवाज बरा वाटला. थंडी मात्र फार वाजली.