राब नसलेलं खाचर

दहिवली,
४ मार्च १९७९

प्रिय श्रीपत,

एका बाकावर शिकलेल्या माणसाला लिहायला मला आठ वर्षं लागली. नदीकाठचं तुझं खाचर घर बांधायला घेतो म्हणालो आणि ऐन वेळी मागे फिरलो. तू कारण विचारलंस, तेव्हा 'जमत नाही' एवढंच म्हणालो. त्या पैशात कल्याणला खोली घ्यायचा तुझा बेत माझ्यामुळे फसला. तू बोलणं टाकलंस, ते बरोबरच होतं.

त्या चैत्रात मी जागा तीनदा पाहिली होती. आमच्या घरात जमीन घेणारा मी पहिलाच. हौस होती तशी धास्तीही. रोजच्या वहीत पुराची भीती लिहिली आणि 'पाच वर्षांत पाणी आल्याचं ऐकलं नाही' म्हणून खोडली. पुढे लिहिलं, 'पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजून बाकी सगळी खाचरं काळी झालीत, हे एकच स्वच्छ.' ती स्वच्छता मी गुण म्हणून धरली.

व्यवहाराच्या आदल्या दिवशी तुझी आई कडावहून चालत आमच्याकडे आली. तुझ्या चंद्रभागावहिनीनं दिलेला चहा बशीत ओतत मला म्हणाली, "कॉलेजात गेलास ना रं? मग तिथं राख नाय, हे दिसलं नाय तुला? पुरात कोवळी रोपं वाहून जातात, म्हणून तिथं रोपांसाठी कोणी राब भाजत नाय. लावलेलं भात दोन दिस पाण्याखाली तगतं. तुझी पोरं तगतील?" मग तिनं शब्द घेतला, की हे तुला कळू द्यायचं नाही. "श्रीपत मामाकडं वाढला, त्याला शेतातलं कळत नाय. पण आईनंच सौदा मोडला म्हटल्यावर माझं तोंड बघणार नाय."

पुढं माळावर जागा मिळाली, दोन खोल्या झाल्या. विहीर लांब आहे, त्यावरून चंद्रभागा रोज मला ऐकवते. पण मुलं ओळीनं जेवायला बसली की तुझी आई आठवते. तिच्या आजारपणात आभार मानायला गेलो, तर हसली. "पाणी आलंच नाय की रं अजून. फुकट घाबरवला तुला." खरंच, अजून आलेलं नाही. हेही तुला सांगायलाच हवं.

परवा तुझा चुलतभाऊ दामू भेटला. तू त्याच खाचरात घर बांधतोयस, अक्षय्यतृतीयेला पाया खणणार, म्हणाला. म्हणून हे पत्र. ती गेल्यावर तिला दिलेला शब्द मोडायची मुभा मला आहे का, हे अजून ठरवता आलेलं नाही. पण तिनं माझ्या मुलांसाठी तुझा राग पत्करायची तयारी ठेवली होती. तुझ्या मुलांसाठी मी निदान तेवढं तरी करावं. खाचर विकू नकोस, त्यात भातच लाव. माझ्या शेजारचा माळ अजून कोणी घेतलेला नाही. कुदळ लावण्याआधी वहिनींना घेऊन ये आणि दोन्ही जागा तुझ्या डोळ्यांनी बघ. त्यानंतर तू जे ठरवशील, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
सहदेव