शोकसभेत कापलेलं बोलणं

चि. धाकटीस,
तुझ्या ताईचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या आवडत्या गायिका गेल्या, हे वाचलंच असशील. काल कारखान्यात त्यांची शोकसभा झाली. तीन वर्षांपूर्वी इथेच झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची टेप लावली, पण गाण्यांमधलं त्यांचं बोलणं मॅनेजरने कापलं होतं! वर म्हणतो, "बाई फार मृदू होत्या."

मृदू? त्या दिवशी गाणं थांबवून त्यांनी यालाच विचारलं होतं, "रंगखात्यातल्या बायका खोकून बेजार आहेत, आणि तुम्ही पुढे बसून माना कसल्या डोलावता?"

मी उठले आणि ते वाक्य मोठ्याने म्हटलं.

"मॅडम, खाली बसा."

"बसवून दाखवा."

मागून रंगखात्यातली एक म्हातारी ओरडली, "पुढचंही सांगा की! मास्क येईपर्यंत इथे पुन्हा गाणार नाही म्हणाल्या होत्या." तेवढं बोलतानाही तिला खोकल्याची उबळ आली.

मास्क अजून आलेले नाहीत. मागणीपत्र दर वर्षी मीच लिहिते आणि नामंजूर झालं की मुकाट्याने फायलीत लावते. याचाच संताप जास्त आहे.

उद्या मॅनेजरने बोलावलंय. नोकरी जाऊ शकते, पण आईला इतक्यात काही सांगू नकोस. माफी मागणार नाही. चौथं मागणीपत्र घेऊन जाणार आहे, आणि सही होईपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.

तुझी,
ताई