पावती कुणाच्या नावावर

रविवार, ९ जुलै
बुलवारवर, आमच्या गावातल्या मोठ्या रस्त्यावर, ती पाटी पुन्हा वाचली. चार तासांत एकाच चौकातून तिसऱ्यांदा गेलात, तर दंड. म्हणजे मिरवायचंच नाही! जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवून मी माझी चौसष्ट सालची गाडी, माझी राणी, सजवली, ती काय गॅरेजात झाकून ठेवायला? खटला भरणार. नाव ठरलं : रेफुहिओ बार्रागान विरुद्ध शहर. कायद्याच्या पुस्तकात छापून येईल.

सोमवार
भाची मारिसेला वकील आहे. म्हणाली, "मामा, आधी दंडाची पावती फाडून घ्या. त्याशिवाय कोर्ट विचारणार नाही." त्यात काय अवघड?

रविवार, १६ जुलै
पाच फेऱ्या मारल्या. पोलिसानं थांबवलं. म्हटलं, फाटली पावती! तर म्हणतो, "काका, काय गाडी आहे हो! जरा नाचवून दाखवा की." बटण दाबून पंपांवर वरखाली उड्या मारत नाचवली. दोनदा. फोटो काढून गेला. पोलीस खातं पार ढिलं पडलंय.

रविवार, २३ जुलै
नवा डाव. डोळ्यांवर यावं इतकं हळू चालवायचं. दोन फेऱ्यांतच चार तास संपले. रुबाबाला वेळ लागतोच.

रविवार, ३० जुलै
राणी तापली. टायरच्या दुकानामागे थांबलो. बंद पडलो नाही, थांबलो. ओफेलियाला फोन केला, पाणी आण म्हटलं. जागा सांगितली नाही. आजूबाजूला ओळखीचे लोक, त्यांनी ऐकलं असतं. बायको बिचारी मला शोधत मिनीव्हॅन घेऊन गरागरा फिरली. तिसऱ्या फेरीला पोलिसानं तिचीच पावती फाडली!
घरात पावती आली, हे महत्त्वाचं. नाव बदलून घेऊ.

सोमवार
मारिसेला म्हणाली, "मामा, ती पावती आहे, गॅसचं कनेक्शन नाही."

गुरुवार, १९ ऑक्टोबर
कोर्टात मारिसेलानं ओफेलियाला उभं केलं. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, तीनदा का फिरलात? ही म्हणाली, "नवरा हुडकत होते, बाई. घरून निघाला तेव्हा रुबाबात होता, फोनवर पाणी मागत होता." अख्खं कोर्ट हसलं. शहराचा वकीलसुद्धा. निकाल : नवरा हुडकणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणारा कायदा चालणार नाही. रद्द! ओफेलिया बार्रागान विरुद्ध शहर. बार्रागान तरी आलंच की.

रविवार, २२ ऑक्टोबर
पाटी निघाली. बुलवारभर गाड्याच गाड्या. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे ओफेलियाची मिनीव्हॅन, लोकांचा आग्रहच तसा. तिच्या शेजारी मारिसेला. मार्गदर्शन करायला मी मागच्या सीटवर. लोक टाळ्या वाजवत होते, मी काचेतून हात हलवत होतो.
ओफेलिया म्हणाली, "अहो, खाली वाका. आरशात मागचं काही दिसत नाही."
वाकलो.